रिठा, धुण्याचा सोडा, लिंबूसत्व: घरात नक्की कोणतं कशाला चालतं?

सोनचाफा
नमस्कार मंडळी. घरात रांगतं बाळ आहे. ते फरशी चाटतं, दुपटी चोखतं. त्यामुळे फिनेल, ब्लीच आणि घमघमणारं लिक्विड डिटर्जंट हळूहळू कमी करायचं आहे. शोधलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं, व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा. पण कुठल्या दगडावर, कुठल्या कापडावर आणि किती, हे कोणी सांगत नाही.

आमच्याकडे पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. नळांवर पांढरे थर बसतात. ओटा कडप्प्याचा, बाल्कनीत शहाबादी, आत व्हिट्रिफाइड टाइल्स. मशीन फ्रंट लोड. पुणे.

रोजचे कपडे रिठ्यावर निघतात का? फरशी कशाने पुसावी? नळ आणि कमोडचे थर कशाने जातात? आणि बाळाचे लंगोट? जाणकारांनी प्रमाणासकट सांगावं, ही विनंती.

रसायनमित्र
चांगला धागा. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. घरातली सगळी "नैसर्गिक" द्रव्यं तीन गटांत बसतात.

आम्लं: लिंबू, चिंच, आमसूल, व्हिनेगर, लिंबूसत्व (सायट्रिक अॅसिड). ही पाण्याचे क्षार, गंज, तांब्या-पितळेचा काळपटपणा काढतात. तेलावर यांचा उपयोग जवळपास शून्य.

अल्कली: धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, लाकडाची राख. ही तेल, तूप, घाम, चिकट थर सोडवतात. क्षारांच्या थरावर काही करत नाहीत. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा; ७ मधला, खाली आम्ल, वर अल्कली) ११ च्या पुढे जातो, खाण्याच्या सोड्याचा ८ च्या आसपास राहतो. म्हणून खाण्याचा सोडा घासायला आणि वास शोषायला बरा, पण तेलकट डब्याला धुण्याचाच सोडा लागतो.

फेस करणारी: रिठा, शिकेकाई, साबण. ही मळ कापडापासून सुटा करून पाण्यात धरून ठेवतात.

आता व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतण्याबद्दल. एक आम्ल, एक अल्कली. दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं सोडियम अॅसिटेटचं खारट पाणी. ८४ ग्रॅम खाण्याचा सोडा साधारण १.२ लिटर (५ टक्के) व्हिनेगर पूर्ण निकामी करतो. फसफसतं म्हणून काम होतंय असं वाटतं. तो नुसता कार्बन डायऑक्साइड असतो. दोन्ही वापरायचेच असतील तर एक वापरा, धुवून टाका, मग दुसरं.

दगडधोंडा
वरच्या प्रतिसादाला जोडून, सोनचाफा, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. कोटाही तसाच. संगमरवरही त्याच कुळातला, आणि जुन्या मोझॅक टाइल्समध्ये संगमरवराचीच खडी असते. या कशावरही लिंबू, व्हिनेगर, लिंबूसत्व, बायोएन्झाइम (फळांची सालं गुळाच्या पाण्यात आंबवून केलेला द्रव) यांतलं काहीही टाकू नका. आम्ल दगडच खातं. पॉलिश जाऊन पांढरट, खरखरीत डाग पडतो. तो मळ नसतो, दगड झिजलेला असतो, त्यामुळे कशानेही निघत नाही. पुन्हा पॉलिश करणं एवढाच उपाय.

काळ्या कडप्प्यावर लिंबू कापून तसंच ठेवलं की गोल पांढरी खूण उमटते ना, ती हीच.

दगड कोणता ते माहीत नसेल तर सिंकच्या खाली, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि जवळून बघा. बारीक बुडबुडे आले तर चुनखडी. लगेच पुसून पाण्याने धुवा. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइडवर बुडबुडे येत नाहीत. मात्र टाइल्सच्या सांध्यांमधलं पांढरं सिमेंट आम्लाने विरतं, तिथेही जपून.

कडप्प्याचा ओटा: कोमट पाणी आणि रिठ्याचं पाणी किंवा भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. तेलकट झाला असेल तर खाण्याचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन हलक्या हाताने, नंतर दोनदा साध्या पाण्याने पुसा. सोडा राहिला की वाळल्यावर पांढरी पूड दिसते.

वेंगुर्लेवाली
रिठ्याची पूर्ण कृती देते, कारण बरेच जण "रिठा भिजवा" एवढंच सांगतात.

फळं फोडून काळी बी काढून टाका. फेस सालीतच असतो, बी नुसतं वजन वाढवतं. १०० ग्रॅम साल १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर १५ ते २० मिनिटं उकळा. भांडं किमान तिप्पट मोठं घ्या, दूध उतू जातं त्याहून पटकन हे उतू जातं आणि शेगडीवर चिकटतं. लोखंडी कढई नको, पाणी काळं पडतं. स्टील घ्या. गार झालं की हाताने साली कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळा. चाळणीने गाळलंत तर बारीक चोथा राहतो, आणि तोच पुढे कपड्यांवर तपकिरी ठिपके पाडतो.

साली एकदा वापरून टाकू नका. अर्धा लिटर पाण्यात पुन्हा उकळल्या की दुसरं, फिकं पाणी निघतं. ते फरशीला आणि भांड्यांना.

टिकाऊपणा: बाहेर दोन-तीन दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर. आंबट वास आला आणि तार सुटली की टाकून द्या. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवता येतं, लागतील तेवढ्या वड्या काढायच्या.

काळजी: डोळ्यांत गेलं तर खूप झोंबतं. बाळाच्या हाताला लागेल असं ठेवू नका. आणि रिठ्याचं पाणी माशांना विषारी असतं. अॅक्वेरियम, कमळाची टाकी, विहीर यात थेंबही जाऊ देऊ नका.

मीनाक्षी_ठाणे
मासे मरतात हे नवीन कळलं! गच्चीत गप्पी माशांची टाकी आहे, शेजारीच कपडे धुतले जातात. धन्यवाद.

घाटमाथा
रिठ्याने पांढरे कपडे पिवळट होतात, हे कोणी सांगत नाही. शाळेचे शर्ट रिठ्यावर निघत नाहीत. कॉलर तर नाहीच नाही.

रसायनमित्र
@घाटमाथा, तक्रार खरी आहे, पण कारणं दोन आहेत.

एक, रिठ्याच्या पाण्याला स्वतःचा तपकिरी रंग असतो. पांढऱ्यासाठी तो अडचणीचाच.

दुसरं कारण मोठं. बाजारच्या पावडरीत ऑप्टिकल ब्राइटनर असतात. ते कापडावर बसतात, उन्हातला अतिनील प्रकाश शोषतात आणि निळसर प्रकाश बाहेर टाकतात. म्हणून कापड "झगमगीत पांढरं" दिसतं. रिठा, सोडा, साबण यांत ते नसतात. डिटर्जंट बंद केलं की आठ-दहा धुण्यांत ब्राइटनर निघून जातात आणि सुताचा मूळ रंग दिसू लागतो. लोकांना वाटतं की कपडा मळला.

उपाय जुनाच, नीळ. शेवटच्या पाण्यात बादलीला लिक्विड नीळीचे पाच-सहा थेंब, आधी मगभर पाण्यात नीट ढवळून. थेट बादलीत टाकलीत तर निळे डाग पडतात.

कॉलरचा मळ म्हणजे त्वचेचं तेल. त्याला अल्कली लागते. अर्धी बादली गरम पाणी (हात जेमतेम बुडेल इतकं), १ मोठा चमचा धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजवा, मग कपड्यांचा साबण लावून ब्रश. फक्त सुती आणि पॉलिस्टरला. रेशीम आणि लोकरीला सोडा कधीच नाही, ते प्रथिनांचे धागे आहेत, अल्कलीने कमकुवत होतात. उलट रिठा किंचित आम्लधर्मी, म्हणून रेशीम-लोकरीला तोच योग्य. सुताचं याच्या बरोबर उलटं. सुताला अल्कली चालते, पण आम्ल धाग्यात राहिलं आणि वरून कडक इस्त्री फिरली की सूत विरतं.

पैठणकर
रेशमाचं निघालंच आहे तर: जरीच्या पैठणीला मात्र घरी रिठाही नको. रंगाच्या जोडण्या आणि जर दोन्ही आहेत, ड्रायक्लीनच करा. बिनजरीच्या रेशमी साडीला, रंग पक्का असेल तरच: पाठच्या काठाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबा. रुमालावर रंग उतरला तर थांबा. नाही उतरला तर गार पाण्याच्या बादलीत अर्धी वाटी रिठ्याचं पाणी, पाच मिनिटं, न चोळता बुचकळायचं. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. सावलीत वाळवा.

जलतरंग
धाग्यात पाण्याबद्दल फारसं आलं नाही, आणि मुळाशी पाणीच आहे. दख्खनच्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेलं; त्या क्षारांचं माप म्हणजे कठीणपणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ६०० च्या पाण्यात साबण आधी कॅल्शियमशी भांडतो, मग कपड्याकडे वळतो. जो पांढरट चिकट साका बादलीच्या कडेला बसतो तो साबण आणि कॅल्शियमचा. तोच कपड्यातही बसतो. टॉवेल फळीसारखा होतो तो यामुळे.

घरी तपासायचं तर पारदर्शक बाटली अर्धी भरा, अंगाच्या साबणाचा कीस चिमूटभर टाका (डिटर्जंट नको, ते जड पाण्यातही फेसतं), जोरात हलवा. वर फेस आणि खाली स्वच्छ पाणी म्हणजे मऊ. फेस नाही, दह्यासारख्या कण्या, पाणी गढूळ, म्हणजे जड.

मऊ कसं करायचं: १ ग्रॅम कठीणपणाला १.०६ ग्रॅम धुण्याचा सोडा. समजा ४०० चं पाणी, २० लिटरची बादली. म्हणजे ८ ग्रॅम कठीणपणा, ८.५ ग्रॅम सोडा, लहान चमच्याने दोन सपाट चमचे. सोडा आधी घाला, पंधरा मिनिटं थांबा, पांढरा गाळ खाली बसला की वरचं पाणी साबणाला वापरा.

सोडा घेताना बघून घ्या. कोरडी पांढरी भुकटी आणि काचेसारखे खडे हे वेगळे. खड्यात दोन तृतीयांशाच्या आसपास नुसतं पाणी असतं, त्यामुळे तेवढ्याच कामाला २.७ पट वजन लागतं. भुकटीचं प्रमाण वाचून खडे टाकले की "सोड्याने काही होत नाही" असं लोक म्हणतात.

राईनकाठ
इथे जर्मनीत डिटर्जंटच्या खोक्यावर मऊ, मध्यम, जड अशा पाण्याला वेगवेगळी मात्रा छापलेली असते. भारतातल्या पाकिटांवरही ती हवी. लोक जड पाण्यात फेस येईना म्हणून पावडर वाढवत जातात आणि ती कपड्यातून धुवून निघत नाही.

@सोनचाफा, टॉवेल आणि दुपट्यांना सॉफ्टनर लावू नका. तो धाग्यावर तेलकट थर चढवतो, पाणी शोषणं कमी होतं. त्याऐवजी शेवटच्या खळबळण्याच्या बादलीत पाव चमचा लिंबूसत्व, आणि मग साध्या पाण्यातून एकदा काढा. साबणाचा आणि सोड्याचा अंश निघून जातो, कापड मऊ पडतं.

अंगणवेल
बायोएन्झाइमचं नाव फक्त एकदा आलं? संत्र्या-मोसंबीची सालं ३ भाग, गूळ १ भाग, पाणी १० भाग, तीन महिने. आमच्या सोसायटीत सगळी फरशी त्यावर पुसतात. झाडांनाही घालता येतं. ओला कचरा कमी होतो तो वेगळाच.

दगडधोंडा
फरशी कोणती आहे, एवढं विचारतो. शहाबादी असेल तर वर्षभरात पॉलिश उतरेल. बायोएन्झाइमचा पीएच ३-४ असतो.

अंगणवेल
व्हिट्रिफाइड आहे. आणि आम्ही बादलीभर पाण्याला दोनच टोपणं घालतो. पण तुमचं बरोबर आहे, हे आधी लिहायला हवं. कृतीतले बारकावे देते:

काचेची बरणी नको, जाड प्लास्टिकची बाटली घ्या. वायू धरून काच फुटते. बाटली तीन चतुर्थांशच भरा. पहिला महिना रोज झाकण किंचित सैल करून वायू सोडा, नंतर आठवड्यातून दोनदा. सालं पाण्यावर तरंगतात आणि उघड्या भागावर बुरशी धरते, म्हणून बाटली दिवसाआड उलटीसुलटी करा. वर पांढरी पातळ साय आली तर चालते. काळी किंवा हिरवी बुरशी आली, कुजका वास आला, तर टाकून द्या. चिमूटभर बेकरीचं यीस्ट टाकलं तर महिन्या-दीड महिन्यात तयार होतं. सिमला मिरची, कांदा, पालेभाजीचे देठ असलं काही घालू नका, कुजतं.

रसायनमित्र
कृती उत्तम. फक्त अपेक्षा ठीक ठेवा. तयार द्रवात मुख्य काम करतं ते आंबवण्यात बनलेलं आम्ल आणि सालीतलं तेल. एन्झाइम फार थोडे असतात. क्षारांचे हलके डाग आणि मोरीचा वास यांना चांगलं. "जंतूनाशक" म्हणून त्याच्यावर विसंबू नका. हेच व्हिनेगरलाही लागू. ओट्यावर चिकन किंवा मासे कापले असतील तर गरम पाणी आणि साबण, भरपूर, आणि वेगळं फडकं.

माऊमैत्रीण
घरात मांजर असेल तर फरशीच्या पाण्यात निलगिरी, टी ट्री, संत्र्याचं तेल टाकू नका. मांजराच्या यकृताला हे पदार्थ नीट मोडता येत नाहीत, आणि पंजे चाटून ते पोटात जातात. काळं फिनेलही त्यांना घातक. साधं गरम पाणी आणि रिठ्याचं दुसरं पाणी पुरतं.

सुईदोरा
बाळ आहे म्हणून एक गोष्ट ठळक लिहिते, धाग्याचा विषय धुण्याचा असला तरी. दुपटी, स्वेटर, गोधड्या डांबरगोळ्यांत ठेवू नका. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. काही बाळांमध्ये जी६पीडी नावाचं विकर कमी असतं. अशा बाळाला नॅफ्थलीनचा वास लागलेले कपडे घातले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. घरात कोणाला माहीतही नसतं की बाळाला ती कमतरता आहे. पेटीतून काढलेले जुने कपडे आधी धुवून दोन दिवस कडक उन्हात टाका.

त्याऐवजी कडुनिंबाचा पाला सावलीत कडकडीत वाळवून सुती पिशवीत, किंवा वेखंडाचे तुकडे. पाला ओलसर राहिला तर कपड्यांवर हिरवट डाग पडतो. कापूरही बाळाच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेला तर फिट येऊ शकते. आणि खरं सांगायचं तर कसर लागते ती मळलेल्या, घामट कपड्याला. धुवून, पूर्ण वाळवून ठेवलेल्या लोकरीला कमी लागते.

सोनचाफा
सुईदोरा, मनापासून आभार. सासूबाईंच्या पेटीत डांबरगोळ्याच आहेत, आज काढते.

हळदकुंकू
सगळे इथे आहेत तर हळदीचा डाग कसा जातो ते सांगा. साबण लावला की लालभडक होतो. दरवेळी घाबरायला होतं.

रसायनमित्र
घाबरू नका, बिघडलेलं काही नाही. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं आणि अल्कलीत लाल दिसतं. साबण अल्कली, म्हणून लाल. लिंबाचं पाणी लावा, पुन्हा पिवळं होईल. म्हणजे लिंबाने डाग गेला असं समजू नका, नुसता रंग पालटला.

कर्क्युमिनला प्रकाश सोसत नाही. डाग साबणाने धुवा, ओला असतानाच कडक उन्हात, डागाची बाजू वर करून टाका. दुपारभरात बराच फिका होतो, उरलेला दुसऱ्या दिवशी. खिडकीच्या काचेआड तेवढं होत नाही. पावसाळ्यात ऊन नसेल तर सोडियम परकार्बोनेट: १ मोठा चमचा ४ लिटर गरम पाण्यात (५०-६० अंश), तासभर भिजवा. ते विरघळल्यावर धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. गार पाण्यात काम करत नाही, हीच सगळ्यांची तक्रार असते. पांढऱ्या आणि पक्क्या रंगाच्या सुतालाच. रेशीम-लोकर नाही.

वेंगुर्लेवाली
आणि लाल मातीचा डाग? कोकणात हळदीपेक्षा तोच जास्त.

सुईदोरा
लाल माती म्हणजे लोखंडाचा गंज. ब्लीचने तो जात नाही, उलट पक्का होतो. चिखल ओला असताना चोळू नका, आत शिरतो. पूर्ण वाळू द्या, झटका, कोरड्या ब्रशने काढा, नंतर साध्या पाण्यात भिजवून साबण. उरलेल्या पिवळसर छटेवर लिंबू आणि मीठ लावून अर्धा तास उन्हात, मग भरपूर पाण्याने धुवा. बोअरच्या पाण्यातल्या लोहाने बनियनवर जे पिवळे डाग येतात त्यांनाही हेच.

रक्ताचा डाग मात्र गारच पाण्यात. गरम पाण्याने तो शिजून धाग्यात बसतो.

मीनाक्षी_ठाणे
पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो त्याचं काय? रिठा, व्हिनेगर सगळं झालं. वाळले की वास जातो, घातले की पुन्हा येतो.

जलतरंग
हा वास मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूचा असतो, बहुतेक वेळा. तो कोरड्या धाग्यात तग धरून राहतो आणि घामाने ओला झाला की परत कामाला लागतो. म्हणून सुगंध टाकून उपयोग नाही. ६० अंश गरम पाण्यात परकार्बोनेट किंवा धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा, धुवा, आणि चार-पाच तासांत वाळतील अशी सोय करा. दोनदा स्पिन, दोरीवर दोन कपड्यांत हातभर अंतर, जाड शिवणी बाहेर काढून, खाली टेबलफॅन. धुतलेले कपडे मशीनमध्ये रात्रभर राहिले की सगळी मेहनत वाया. फ्रंट लोडच्या दाराचं रबर उलटून पुसा, दार उघडं ठेवा. त्या रबराच्या घडीत जो काळा चिकट थर दिसतो, वास तिथूनही येतो.

कांदेपोहे
चिमणीची जाळी, दिवाळीची सफाई, कोणीतरी बोला!

रसायनमित्र
जाळी कशाची आहे ते पाहा. स्टीलची असेल तर ५ लिटर गरम पाण्यात २ मोठे चमचे धुण्याचा सोडा, अर्धा तास, हातमोजे घालून ब्रश. वर्षभराचा चिकटा लोण्यासारखा सुटतो. अॅल्युमिनियमची असेल तर सोडा अजिबात नको, अॅल्युमिनियम काळं पडतं आणि खातं. तिथे गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, जास्त वेळ भिजवून. अॅल्युमिनियमचे कुकर, कढया यांनाही हेच. कुकर आतून काळा झाला असेल तर उलट आम्ल: पाण्यात चिंचेचं बुटुक टाकून दहा मिनिटं उकळा.

मोरी तुंबली तर उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसीचा पाइप मऊ पडून सांधे सुटतात. हाताला चटका बसेल इतपत गरम पाणी आणि ४ चमचे धुण्याचा सोडा. केसांचा गोळा असेल तर जाळी उघडून हाताने काढणं, दुसरा इलाज नाही.

वेंगुर्लेवाली
देवाच्या पितळी भांड्यांना आमसूल. पाच-सहा आमसुलं वाटीभर गरम पाण्यात भिजवून, त्याच सालीने घासा, नारळाच्या शेंडीला थोडी चाळलेली राख घेऊन फिरवा. लगेच धुवून कोरडं पुसा. आम्ल राहिलं तर तासाभरात हिरवट डाग येतात. लाखेचा किंवा पॉलिशचा थर असलेल्या शोभेच्या पितळेला घासू नका.

सोनचाफा
खूप माहिती मिळाली. मूळ प्रश्नांतले दोन उरले. फ्रंट लोडमध्ये रिठा कसा घालायचा? सालीची पिशवी टाकली तर काहीच फेस आला नाही. आणि लंगोट, कमोड, नळ?

सुईदोरा
पिशवी गार पाण्यात काम करत नाही, साल उमलायला वेळ आणि उष्णता लागते. काढलेलं पाणी घाला: ५-६ किलो कपड्यांना १०० ते १२० मिली, ४० अंशांची सायकल. मलमलमधून गाळलेलंच, नाहीतर चोथा मशीनच्या फिल्टरमध्ये अडकतो. फेस कमी दिसेल, मळ निघण्याशी त्याचा संबंध नाही. जास्त मळलेल्या, तेलकट कपड्यांना बिनवासाचं डिटर्जंट, पाकिटावरच्या निम्म्या मात्रेत, वापरायला अजिबात संकोच करू नका. रिठ्याची ताकद तिथे पुरत नाही.

घरी साबण किसून, सोडा आणि टाकणखार (बोरॅक्स) मिसळून केलेली "पावडर" मात्र तुमच्या पाण्यात मशीनला घालू नका. साबण आणि कॅल्शियमचा साका ड्रमच्या मागे साठतो. टाकणखार तर बाळ असलेल्या घरात नकोच. पोटात जाऊ नये असा पदार्थ आहे.

लंगोट: शी लगेच गार पाण्याने काढा. मग अर्धी बादली गरम पाणी, १ मोठा चमचा धुण्याचा सोडा, अर्धा तास. मग साबण किंवा बिनवासाचं डिटर्जंट. पाण्याला फेस येणं थांबेपर्यंत खळबळा, उरलेल्या सोड्याने बाळाला पुरळ येऊ शकतं. कडक ऊन. बाळाला जुलाब असतील तेव्हा सुती लंगोट दहा मिनिटं उकळा, तेव्हा रिठ्यावर भागवू नका.

जलतरंग
नळ: १ लिटर पाण्यात ३ मोठे चमचे लिंबूसत्व. हे ५ टक्के व्हिनेगरच्या जवळपास जातं, स्वस्त पडतं आणि वास येत नाही. जुना मोजा त्यात भिजवून नळाला गुंडाळा, २० मिनिटं, मग दात घासायच्या जुन्या ब्रशने. रात्रभर ठेवू नका, क्रोमचा मुलामा खराब होतो. खालचा ओटा कडप्प्याचा आहे, त्यामुळे नळाखाली टब ठेवा. थेंबही दगडावर नको.

कमोड: ५० ग्रॅम लिंबूसत्व रात्री आत, पाण्याच्या रेषेवर टिश्यू पेपर चिकटवून त्यावर शिंपडा म्हणजे थर ओला राहतो. सकाळी ब्रश. पहिल्यांदा दोन-तीन रात्री करावं लागेल.

आणि त्या आठवड्यात कमोडमध्ये ब्लीच किंवा ब्लीच असलेलं कुठलंही टॉयलेट क्लीनर टाकलं असेल तर आधी तीन-चार वेळा फ्लश करा, खिडकी उघडा. ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, लिंबूसत्व असलं तरी. बाथरूम लहान असतं, आणि बाळाला छातीचा त्रास व्हायला तेवढा पुरतो. कामाला येणाऱ्या ताईंनाही हे सांगून ठेवा, बाटल्या दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवा.

घाटमाथा
बाल्कनीतली शहाबादी राहिली.

दगडधोंडा
झाडू, मग नुसतं पाणी आणि खराटा. हिरवं शेवाळ असेल तर खाण्याचा सोडा घालून जाड ब्रश, मग उन्हात वाळवून. महिन्यातून एकदा रिठ्याचं दुसरं पाणी. ते पाणी कुंड्यांत गेलं तर चालेल. धुण्याच्या सोड्याचं पाणी मात्र कुंड्यांत नको, सोडियमने माती घट्ट होते आणि पाणी धरून राहते.